हातच्याची वजाबाकी आणि काड्यांचे गठ्ठे

मॅडम, दुसरी-तिसरीचे वर्ग एकत्र शिकवायला मिळाले म्हणून घाबरू नका. आणि सगळ्या विषयांचे उपक्रम एकदम सुरूही करू नका. आधी हातच्याची वजाबाकी पक्की करा.

५२ मधून २७ वजा करायला दिले की बरीच मुलं ३५ लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती सरळ ७ मधून २ काढतात. फळ्यावर रीत पुन्हा दाखवून हे सुटत नाही. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड आणा. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवा आणि म्हणा, "यातल्या सत्तावीस मला दे." सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच एक गठ्ठा सोडतं. चार गठ्ठे, बारा सुट्या. आता दोन गठ्ठे आणि सात सुट्या देता येतात, उरतात २५. वहीतली मांडणी त्यानंतर. गठ्ठे लगेच कपाटात टाकू नका. तिसरीत शंभराचा मोठा गठ्ठा बांधला की 'एकशे पाच'साठी १००५ लिहिणंही कमी होतं.

एका वर्गाला हे चालू असताना दुसऱ्याला "धडा उतरवून काढा" सांगू नका. जोडीनं वाचून एकमेकांना प्रश्न विचारू देत. परिसर अभ्यासात शाळेच्या आवाराचा नकाशा पावलांनी मोजून काढून घ्या, म्हणजे लांबी आणि दिशाही त्यातच होतात.

छापील तक्त्यांवर मात्र पगार उडवू नका. उंच भिंतीवरचा तक्ता, खरं सांगायचं तर, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी असतो.