टाच, काँक्रीट आणि बुटाचा मऊपणा

प्रश्न : माझे वय ५६ असून गेली चार वर्षे मी रोज सकाळी आमच्या वसाहतीत चार किलोमीटर चालते. पूर्वी आतला रस्ता डांबरी होता आणि कडेने मातीची वाट होती; आता रस्ता काँक्रीटचा झाला असून कडेला पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. तेव्हापासून टाचा दुखतात आणि सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना जोराची कळ येते. दोन वर्षे वापरलेले बूट टाकून गादीसारखे मऊ बूट घेतले, पण पंधरवड्यात पुन्हा तेच सुरू झाले. आणखी मऊ बूट घ्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आणखी मऊ बूट घेऊ नयेत, असेच मी सुचवेन. दुकानात बुटात हात घालून अंगठ्याने दाबल्यावर जो मऊपणा जाणवतो, तो बहुधा वरच्या पातळ इनसोलचा असतो. अंगठ्याचा दाब आणि चालताना टाचेवर येणारा भार यांची तुलनाच होऊ शकत नाही. सपाटीवर चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार एका पायावर येतो आणि चार किलोमीटरांत एकेक पाय अडीच-तीन हजार वेळा जमिनीवर टेकतो. इतक्या भाराखाली अतिमऊ फोम पार चेपून जातो, आणि एकदा चेपला की तो असून नसल्यासारखाच. शिवाय मऊ सोलवर पाऊल डुगडुगते आणि ते सावरण्याचे काम तळव्याच्या व पोटरीच्या स्नायूंना करावे लागते.

सगळा दोष काँक्रीटला देणेही योग्य नाही, कारण पायाच्या दृष्टीने डांबरही कठीणच असते. आपली खरी हानी झाली ती मातीची वाट गेल्याने. कच्च्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडे निराळे पडते आणि भार वाटला जातो. सपाट काँक्रीटवर तोच भार त्याच जागी पुन्हा पुन्हा बसतो. त्यात आपले जुने बूट दोन वर्षांत जवळजवळ तीन हजार किलोमीटर चालले होते. धावण्याच्या बुटांसाठी ५०० ते ८०० किलोमीटरांचा ठोकताळा सांगितला जातो. चालण्याचे बूट त्याहून जास्त टिकतील असे धरले, तरी आपल्या बुटांतला फोम बऱ्याच आधी मेला असणार. वरून बूट धडधाकट दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही.

नवे बूट घ्यायला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पावले किंचित सुजलेली असतात, आणि रोजचेच मोजे बरोबर न्यावेत. बुटातला इनसोल बाहेर काढून फरशीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे. करंगळी किंवा चवड्याची कड इनसोलबाहेर ओघळत असेल, तर तो बूट आपल्यासाठी अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचे का असेना, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. स्त्रियांसाठीचे बूट सहसा अरुंद साच्यावर बनतात, म्हणून पुरुषांच्या विभागातला योग्य मापाचा जोड घालून पाहायला मुळीच संकोचू नये. दोन पावलांत फरक असेल तर मोठ्या पावलाचे माप धरावे. ‘वापरून सैल होतील’ या आश्वासनावर विसंबू नये. कातडे थोडे सैलावते, पण हल्लीचे कृत्रिम कापड फारसे नाही.

नंतर बूट हातात घेऊन टाचेमागचा कडक भाग चिमटीत दाबावा. तो सहज आत जाऊ नये. बूट टोकाकडून वाकवला असता बोटे जिथे वाकतात तिथेच वाकावा. मधोमध दुमडला किंवा फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवावा. इनसोल आणि खालचा सोल यांच्यामधला थर इव्हीए नावाच्या हलक्या फोमचा आणि बेताचा घट्ट, म्हणजे दाबला की लगेच परत उसळणारा असावा. शेवटी नाड्या वरच्या भोकापर्यंत बांधून चालून पाहावे, तेही दुकानातल्या गालिच्यावर नव्हे, उघड्या फरशीवर. टाच वर सरकता कामा नये. किंमत मात्र कसोटी मानू नये; पायाला पहिल्याच दहा मिनिटांत जो जोड बरा वाटतो, तो बहुधा बराच असतो.

आपण घरात अनवाणी वावरत असाल, तर निम्मे दुखणे तिथेच असू शकते. सकाळच्या पहिल्या पावलाची कळ बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याखालच्या पट्ट्याची असते, आणि ओट्यापुढे कोटा किंवा ग्रॅनाइटवर दोन तास उभे राहिल्यावर चालायला घातलेले उत्तम बूटही तिला पुरे पडत नाहीत. घरापुरती वेगळी, टाचेला आधार देणारी चप्पल वापरावी. स्वयंपाकघरात चप्पल म्हटल्यावर कोणाच्या कपाळाला आठी पडत असेल, तर निदान ओट्यापुढे जाड रबरी चटई घालावी. काही आठवड्यांत उतार पडला नाही, पाय बधिर होऊ लागला किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर बुटांचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना पाय दाखवावा.

प्रश्न : मुलाने परदेशातून पाठवलेले बूट मी तीन वर्षे खोक्यात जपून ठेवले होते. पहिल्याच दिवशी फेरीच्या अर्ध्यात सोलचा भुगा होऊन तो गळून पडला. माल बनावट होता का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तसे असेलच असे नाही. काही बुटांचा मधला थर पॉलीयुरेथेन नावाच्या दुसऱ्या एका कृत्रिम फोमचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने, बूट न वापरताही, तो हळूहळू विघटित होतो. कोकणातल्या हवेत तीन वर्षे म्हणजे पुष्कळ झाली. इव्हीएला हा रोग सहसा जडत नाही. तो वापराने चेपतो. म्हणून सवलतीतला जुना साठा घेताना सोलच्या कडेला नख दाबून पाहावे. चिकट लागले किंवा भुकटी आली, तर चांभाराकडे नेऊनही उपयोग नाही, कारण डिंक धरायला तिथे घट्ट असे काही उरलेलेच नसते.