बारावीला ८२ टक्के, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, सीईटीला, ६९ पर्सेंटाइलच. मग बोर्डाच्या मार्कांचा उपयोग काय? वर्ष थांबून सीईटी परत देऊ का?

बोर्डाचे मार्क इंजिनिअरिंगला चाळणीपुरतेच. खुल्या गटात पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून) ४५ टक्के पडले की झालास पात्र. पुढे कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, चालतं ते सीईटीचं पर्सेंटाइल. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे हे असं आहे.

२०२३ साली माझ्या मुलीचं हुबेहूब तुझ्यासारखं झालं. बारावीला ८४ टक्के, माझ्या आईने गल्लीभर पेढे वाटले. जूनमध्ये सीईटीला ७१ पर्सेंटाइल आलं, तर आई म्हणते, "म्हणजे फर्स्ट क्लासच की!" शंभरातली २९ पोरं पुढे आहेत, हे तिला कोण सांगणार?

माझा धाकटा भाऊ लातूरला क्लास चालवतो. मुलगी अकरावीला गेली तेव्हाच म्हणाला होता, "दादा, तिला माझ्याकडे पाठव, आमच्या क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात नाव घालू, न जाताही हजेरी लागेल असं मी बघतो." मी पडलो तत्त्वाचा माणूस. तिला रोज कॉलेजला बसवलं, प्रॅक्टिकल एक चुकवू दिलं नाही. निकालाच्या दिवशी त्याचा फोन आला. बाकी काही बोलला नाही, एवढंच विचारलं, "तिची रिस्पॉन्स शीट बघितलीस का?"

बघितली, म्हणजे कुठल्या प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं ती यादी. गणिताच्या ५० पैकी १७ प्रश्न कोरे. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या परीक्षेत! विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगता ना, पायऱ्या मांडता येत नसतील तर उत्तर लिहायचं नाही." डोळे मिटून चार पर्यायांतलं सगळीकडे 'बी' ठोकलं असतं तरी चारेक बरोबर आले असते. गणिताला प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे आठ मार्क माझ्या तत्त्वाने खाल्ले.

तरी भाऊ बरोबर होता असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. ९० मिनिटांत ५० गणितं! यात पर्याय किती झटपट खोडता येतात तेवढं कळतं, गणित कळलंय का ते नाही. सहीपुरती हजेरी आणि दुसऱ्याची उतरवलेली प्रयोगवही, याला शिक्षण म्हणायचं असेल तर म्हणा. दिवाळीला तो हे वाचेलच, म्हणून लिहून ठेवतो: पोरगी आज कॉलेजात सर्किटची गणितं इतरांना समजावते, ती तुझ्या शॉर्टकटवर नाही.

तुझं राहिलंच. नुसतं पर्सेंटाइल लाजिरवाणं वाटतं म्हणून वर्ष घालवू नकोस. मिळेल ती बरी ब्रँच घे. अर्थात वेळ पुरला नसेल किंवा माझ्या मुलीसारखे ढीगभर प्रश्न सोडले असशील, तर गोष्ट वेगळी, मग परत देण्यात अर्थ आहे. पेपरात अकरावीचा भाग २० टक्केच असतो, बाकी सगळी बारावी, आणि ती तुझी ८२ टक्क्यांची झालेली आहे. आधी लॉगिन करून कोरे प्रश्न मोज. घरात कुणी मास्तर असेल तर त्याला न दाखवता.