"शेवटचं लोकेशन वाकड" म्हणजे नक्की काय

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मामेभाऊ, वय २२. सोमवारी सकाळी "क्लासला जातो" म्हणून घरातून निघाला तो परतलाच नाही. फोन बंद. मिसिंग दाखल केलीत. पोलीस ठाण्यात सांगितलं, "शेवटचं लोकेशन वाकड." मग तीन दिवस सगळ्यांनी फोटो घेऊन पुण्याजवळचं ते वाकड पालथं घातलं. मध्येच 'नुसता नंबर द्या, लाइव्ह लोकेशन देतो' म्हणणाऱ्या एकाला ३,५०० रुपये दिलेत. बुधवारी रात्री अनोळखी इन्स्टाग्राम खात्यावरून बहिणीला मेसेज आला, "मी ठीक आहे, शोधू नका." आणि तुमचा प्रश्न असा की एवढं सगळं तंत्रज्ञान हाताशी असताना पोलिसांना एक मुलगा सापडत नाही, की ते शोधतच नाहीयेत?

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालेय. शेवटची आठ वर्षं एका जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत तांत्रिक विश्लेषणाच्या टेबलावर होते. पेपरात येतं ना, "तांत्रिक विश्लेषणाच्या आधारे आरोपी जेरबंद"? ते विश्लेषण म्हणजे बहुतेक वेळा मी, एक एक्सेल शीट आणि गार झालेला चहा.

आधी ते ३,५०० रुपये. ते गेले, विसरा. नुसत्या नंबरावरून फोन कुठल्या टॉवरवर आहे हे फक्त मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला ठाऊक असतं, ती माहिती बाहेरच्या कुठल्या ॲपला मिळत नाही. ट्रूकॉलरवर दिसतं ते लोकांनी आपापल्या फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव, त्याला सरकारी कागदाचा आधार नाही. लोकेशन विकणारे बहुतेक भामटे असतात, नकाशावर कुठेही ठिपका ठेवून देतात. थोडे असेही असतात की जे कंपनीतून किंवा खात्यातून चोरून खरा सीडीआर, म्हणजे नंबरच्या कॉलच्या नोंदींचा कागद, आणतात, आणि त्यांच्यापासून तर चार हात लांबच राहा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळी उघडकीला आणली, त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. अशा तपासात कोणाला विकले हेही निघतंच. भाऊ शोधायला निघालात आणि स्वतःच जबाब द्यायला बसलात असं नको.

पोलिसांना तरी हा कागद लगेच का मिळत नाही? २०१३ मध्ये दिल्लीत एका बड्या नेत्याचे कॉल रेकॉर्ड खात्यातल्याच माणसाने बेकायदा काढल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर नियम आवळले. आता अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच कंपनीकडे मागणी जाते. तुमच्या ठाण्यातला तपास अंमलदार हवालदार असेल तर त्याचं पत्र पीआय साहेबांकडे, म्हणजे पोलीस निरीक्षकांकडे, तिथून वर, मग पोलिसांच्या मागण्या बघणाऱ्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातं. त्याच दिवशी त्याच रांगेत एखादा खून आणि दोन दरोडे असतील तर तुमचं पत्र मागे पडतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक वेळी ती टाळाटाळच असते असंही नाही.

आता कागदात असतं काय ते बघा. एका ओळीत एक कॉल किंवा एक एसएमएस. कोणी केला, कोणाला केला, तारीख, वेळ, किती सेकंद, सुरुवातीचा टॉवर, शेवटचा टॉवर, हँडसेटचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. बस. बोलणं त्यात नसतं. "रेकॉर्डिंग काढा ना मॅडम" हे मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल देव जाणे, पण झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग कंपनीकडे पडून नसतंच. फोन टॅप करायचा तर गृह सचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो आणि टॅपिंग पुढच्या कॉलचं होतं, मागच्याचं नाही. व्हॉट्सॲपचे कॉलही सीडीआरमध्ये येत नाहीत. इंटरनेटच्या वापराची नोंद वेगळी, तिला आयपीडीआर म्हणतात, आणि त्यातही फोन व्हॉट्सॲपशी जोडलेला होता इतपतच कळतं, काय बोलला ते नाही. या नोंदी कंपन्यांनी निदान दोन वर्षं ठेवाव्यात अशी परवान्याची अट आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून. म्हणजे त्याचे मागचे महिने कुठे जात नाहीत. घाई करून चुकीचं काही करू नका.

आणि लोकेशन? ते टॉवरचं असतं, माणसाचं नाही. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तीन अँटेना. कागदावर टॉवरचा पत्ता आणि अँटेनाची दिशा अंशांत येते. शहरात एका टॉवरचा आवाका काही शे मीटर, गावाकडे कित्येक किलोमीटर. शिवाय फोन जवळचा टॉवर पकडत नाही, जास्त चांगला ऐकू येतो तो पकडतो. डोंगर, पाणी, उंच इमारत मध्ये आली की सगळे हिशेब फिरतात.

याची अद्दल मला नोकरीतच घडली. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावचे सेवानिवृत्त गुरुजी बेपत्ता झाले होते. शेवटच्या कॉलचा टॉवर खाडीच्या पलीकडचा. आमची माणसं दोन दिवस पलीकडच्या गावांतून फिरली. होडीवाले, देवळं, दवाखाने, काही ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तोच कागद पुन्हा काढला आणि शेवटच्या ओळीऐवजी शेवटच्या दहा ओळी बघितल्या. १८:४२ ला टॉवर अलीकडचा. १८:४५ ला पलीकडचा. १८:४६ ला पुन्हा अलीकडचा. सत्तरीचा माणूस चार मिनिटांत खाडी ओलांडून परत येत नाही! फोन हललाच नव्हता, तो अशा जागी होता जिथून दोन्ही काठांचे टॉवर सारखेच ऐकू येतात. दोन्ही अँटेनांच्या दिशा नकाशावर पट्टीने आखल्या तर रेघा आमच्याच बाजूच्या जुन्या बंदरावर येऊन मिळाल्या. हवालदार तिकडे गेले तेव्हा चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, "ते होय? ते मागच्या मठात उतरलेत, रोज सकाळी चहाला येतात." घरात मुलाशी भांडण झालं होतं, एवढंच. दोन दिवस चुकीच्या काठावर घालवले ते आम्ही. कागद पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता.

म्हणून तपास अंमलदारांना भेटून तीन गोष्टी विचारा. शेवटची नोंद किती वाजताची? अँटेना कुठल्या दिशेची? आणि ती नोंद त्याने स्वतः केलेल्या कॉलची आहे की आलेल्या एसएमएसची? कंपनीचा ऑफरवाला मेसेज आला तरी ओळ उमटते, आणि लोक समजतात मुलगा तिथे कोणाशी तरी बोलत होता. वाकडबद्दल माझा अंदाज सांगू? हायवेकडची अँटेना असेल आणि नोंदीनंतर लगेच फोन बंद झाला असेल, तर तो वाकडमध्ये नाहीच. वाकड पुलाशी मुंबईकडच्या, कोल्हापूर-बंगळूरूकडच्या ट्रॅव्हल्स थांबतात. गल्ल्या पालथ्या घालण्यापेक्षा त्या वेळच्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडे फोटो घेऊन जा, आणि पुलाजवळच्या दुकानांच्या सीसीटीव्हीचं फुटेज पुसलं जायच्या आत पोलिसांना मागायला सांगा.

खरं तर शेवटच्या लोकेशनचं मला कधीच फारसं कौतुक नव्हतं. मी आधी मागचे दोन महिने बघायचे. रात्री ११ नंतर कोणाशी बोलतो, रविवारी टॉवर कुठला असतो, कुठला नंबर तीन आठवड्यांपूर्वी अचानक सुरू झाला आणि निघायच्या आदल्या दिवशी अचानक थांबला. माणूस जातो तो बहुतेक ओळखीच्याच कोणाकडे. पण एक्सेलमध्ये तो नुसता दहा आकडी नंबर असतो. तो कोणाचा, आणि तो का महत्त्वाचा, हे घरच्यांना किंवा मित्रांना ठाऊक असतं. पोलीस यादी दाखवतील तेव्हा "हा कोण माहीत नाही" म्हणून लाजेखातर काही लपवू नका. मैत्रीण असेल, उधारी असेल, ऑनलाइन जुगार असेल, सांगून टाका.

तुमच्या हातात असलेली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे त्याच्या मोबाइलचं खोकं. त्यावर १५ आकडी आयएमईआय असतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन. दोन्ही द्या. त्याने जुनं सिम फेकून त्याच हँडसेटमध्ये नवीन घातलं तर या नंबरावरून नवीन सिम कळतं. माझे कितीतरी मिसिंग असेच सापडले. एक बारकी गोष्ट: कागदावरच्या आयएमईआयचा शेवटचा आकडा बऱ्याचदा शून्य असतो आणि खोक्यावर दुसराच. घाबरू नका. तो पडताळणीचा आकडा, फोन नेटवर्कला पाठवतच नाही. पहिले १४ जुळले म्हणजे जुळलं. नवीन लागलेली पोरं यावरून "हँडसेट वेगळा आहे" असा शेरा मारून मोकळी होतात, तसं झालं तर नम्रपणे लक्षात आणून द्या.

दोन गोष्टी मात्र करू नका. संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन तो आयएमईआय ब्लॉक करू नका. ती सोय चोरीच्या, हरवलेल्या फोनसाठी आहे. तुम्ही फोन ब्लॉक केलात तर तो दुसरा हँडसेट घेईल आणि धागाच तुटेल. आणि "ओटीपी बघता येतील" म्हणून त्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढू नका. नवीन सिम सुरू झालं की त्याच्या खिशातलं मरतं, मग त्याला घरी फोन करावासा वाटला तरी करता येणार नाही. उलट त्याच्या नंबरवर रिचार्ज चालू ठेवा.

आता इन्स्टाग्राम. तो मेसेज डिलीट करू नका, खातं ब्लॉक करू नका. प्रोफाइलची पूर्ण लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पोलीस कंपनीला लिहितील, खात्याला जोडलेला ईमेल किंवा नंबर आणि लॉगिनचे आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, मागतील. "आयपी काढला की घर सापडतं" असं सगळ्यांना वाटतं. तर पहिली खोच वेळेची. परदेशी कंपन्या वेळ आपल्या घड्याळाची देत नाहीत, जागतिक प्रमाणवेळेची देतात, आपल्याहून साडेपाच तास मागे. कागदावर १७:१० असेल तर ते आपले रात्रीचे १०:४० असतात. दुसरी खोच अशी की मोबाइल इंटरनेटवर बऱ्याचदा एकच आयपी एका क्षणी शेकडो गिऱ्हाइकं वापरत असतात. त्यातला नेमका एक वेगळा काढायला पोर्ट नंबर, म्हणजे त्या आयपीसोबत प्रत्येक जोडणीला मिळणारा वेगळा आकडा, आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. पोर्ट नसेल तर हाती येते नुसती भली मोठी यादी.

यातली चूक किती महाग पडते ते पुण्यानेच दाखवलंय. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल मीडिया साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याबद्दल पुणे पोलिसांनी बंगळूरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचलून आणलं. आधार काय, तर आयपी ॲड्रेसवरून इंटरनेट कंपनीने दिलेलं नाव-पत्ता. माणूस येरवड्यात ५० दिवस राहिला. नंतर निघालं की तो आयपी त्याचा नव्हताच! मी नवीन माणसांना शिकवताना पहिल्या दिवशी हेच प्रकरण सांगायचे. नाव आलं की उठायचं नाही, वेळ पुन्हा बघायची, कंपनीला पुन्हा विचारायचं, आणि तो माणूस त्या वेळी तिथे होता का याचा एखादा तरी वेगळा पुरावा शोधायचा.

शेवटचं थोडं कडू आहे. मुलगा १८ च्या आतला असता तर पोलिसांना अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागला असता, २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. पण तो २२ चा आहे. सापडला तर पोलीस त्याचा जबाब घेतील. "मी माझ्या मर्जीने आलोय, घरी पत्ता सांगू नका" असं त्याने लिहून दिलं, तर ते तुम्हाला एवढंच सांगतील की तो सुखरूप आहे. तुम्हाला राग येईल. मला विचाराल तर तसंच असायला हवं. बाईमाणसाच्या मागावर असलेले नवरे, भाऊ, बाप "आमची मिसिंग आहे, लोकेशन द्या" म्हणत माझ्या टेबलापुढे बसलेले मी पाहिलेत. त्यातल्या प्रत्येकाला लोकेशन दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी कित्येकदा कागद उलटा ठेवलाय.

तोपर्यंत बहिणीला त्या खात्यावर उत्तर द्यायला सांगा. "कुठे आहेस" नको, "आई जेवत नाही" पण नको. "नंबरवर रिचार्ज केलाय, वाटेल तेव्हा मिस कॉल दे" एवढंच. आणि खोकं सापडलं नाही तर ज्या दुकानातून फोन घेतला तिथल्या बिलावर आयएमईआय असतो. ऑनलाइन घेतला असेल तर बिल ईमेलमध्ये मिळेल. आजच शोधा आणि उद्या सकाळी ठाण्यात नेऊन द्या, पोचपावती घेऊन.