ब्रिटनमध्ये लायसन्सवर 9 पॉइंट आहेत आणि वेगमर्यादेचं आणखी एक पत्र आलंय. लायसन्स जाणार का? आता काय करू?

तुमच्या जागी मी होतो. पॉइंट म्हणजे वाहतुकीच्या गुन्ह्याबद्दल लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण; 3 वर्षांत 12 झाले की गाडी चालवण्यावर बंदीची वेळ येते. माझेही नऊच होते आणि पुढची उडी थेट बारावर, कारण वेगाच्या साध्या गुन्ह्यालाही इथे कमीत कमी 3 पॉइंट पडतात. माझं लायसन्स सहा महिने गेलं.

आधी कागद घेऊन तारखा मांडा. सरकारी वेबसाइटवर लायसन्स नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पोस्टकोड टाकला की पॉइंट दिसतात. पण दिसतात तेवढे सगळे धरले जात नाहीत. बहुतेक पॉइंट रेकॉर्डवर 4 वर्षं राहतात, बंदीच्या हिशेबात मात्र 3 वर्षांतलेच मोजतात, आणि ही 3 वर्षं गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. दंड कधी भरला, केस कधी लागली, याच्याशी संबंध नाही. म्हणजे सगळ्यात जुना गुन्हा 2 मार्चचा असेल आणि तीन वर्षांनंतरचा हा नवा 5 मार्चचा, तर जुने 3 गळाले आणि तुम्ही 9 वरच राहिलात. उलट, कोर्टाची तारीख पुढे ढकलून पॉइंट जुने करू म्हणाल, तर काही उपयोग नाही.

मग पत्र. गाडी कोण चालवत होतं ते 28 दिवसांत कळवावंच लागतं. पत्र ड्रॉवरमध्ये टाकून विसरलात तर न कळवल्याचेच 6 पॉइंट. या टप्प्यावर कुणीतरी जवळचा माणूस हमखास सुचवतो, ‘वहिनींच्या नावावर टाक ना, त्यांचं लायसन्स कोरं आहे.’ अजिबात नको. ख्रिस ह्यून नावाच्या राजकारण्याने 2003 मध्ये हेच केलं होतं, वेगाचे पॉइंट बायकोने घेतले. गंमत म्हणजे त्याच वर्षी मोबाइलवर बोलताना सापडून त्यांचं लायसन्स गेलंच. दहा वर्षांनी, 2013 मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तोवर ह्यून मंत्री होऊन पायउतारही झाले होते.

एक वाट बऱ्याच जणांना माहीत नसते: स्पीड अवेअरनेस कोर्स, म्हणजे पॉइंटऐवजी वेगाच्या धोक्यांवरचा वर्ग. आधीचे पॉइंट किती आहेत यावर तो ठरत नाही. वेग फार जास्त नसेल (ताशी 30 मैल मर्यादेच्या रस्त्यावर साधारण 42 पर्यंत) आणि गेल्या 3 वर्षांत असा कोर्स केला नसेल, तर पोलीस तो देऊ शकतात. हक्क नाही, त्यांची मर्जी. दिला तर डोळे झाकून घ्या, पॉइंट पडत नाहीत. मी आदल्याच वर्षी तो करून बसलो होतो.

कोर्स नाही आणि बेरीज 12 होतेय, तर प्रकरण मॅजिस्ट्रेटसमोर जातं आणि निदान 6 महिन्यांची बंदी ठरलेली. त्यातून सुटायचा मुख्य रस्ता ‘एक्सेप्शनल हार्डशिप’, म्हणजे बंदीने नेहमीपेक्षा फारच जास्त हाल होतील हे कोर्टाला पटवणं. ती म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लोक वाटेल ते धरून चालतात. मीही चाललो. नोकरीला गाडी लागते एवढं सांगितलं की झालं, असं वाटलं होतं. मॅजिस्ट्रेटबाईंनी शांतपणे विचारलं, ट्रेन नाही का? होती. दोनदा बदलावी लागायची, पण होती. संपलं.

बंदीने त्रास होणारच, तो व्हावा म्हणूनच ती असते. तुमच्या चुकीची झळ दुसऱ्या कुणाला किती बसेल, याला कोर्टात जास्त वजन असतं. आईला डायलिसिसला तुम्हीच नेत असाल, तुमच्या छोट्या धंद्यावर चार कामगारांचा पगार अवलंबून असेल, तर ते सांगा. पण नुसतं सांगू नका. हॉस्पिटलचं पत्र, बँकेची स्टेटमेंट, बस किंवा टॅक्सी का चालत नाही याचा हिशेब, सगळं न्या. शपथेवर बोलावं लागतं आणि समोरून उलटतपासणी होते, तेव्हा फुगवून सांगितलेलं तिथेच फुटतं. या एका दिवसासाठी सॉलिसिटर (वकील) करा, पैसे वाचवू नका. मी वाचवले होते. म्हणणं मान्य झालं तरी पॉइंट तसेच राहतात, आणि तीच कारणं पुढची 3 वर्षं पुन्हा वापरता येत नाहीत. बंदी भोगून आलात तर मात्र बेरजेची पाटी कोरी होते. नवं लायसन्स मागवावं लागतं, आणि इन्शुरन्स कंपनी विचारेल तेव्हा हे लपवायचं नाही. हप्ता पाहून डोळे पांढरे होतील.

बंदीच्या काळात ‘कोपऱ्यावरच तर जायचंय’ म्हणूनही चाक हातात घेऊ नका. त्याला तुरुंग आहे.

आणि त्या दिवशी कोर्टात गाडीने जाऊ नका. बंदी निकाल ऐकवल्या क्षणी लागू होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी गाडी कोर्टामागच्या पार्किंगमध्ये, तीन तासांचं तिकीट लावून, आणि मी ट्रेनने घरी. दोनदा बदलून.