अक्का, अवघड तेच बरोबर असतं का?

पत्र चार पानी आहे, थोडक्यात सांगते. पोरगी 28 ची, सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ राहते. घरी तेलुगू, दाराबाहेर मराठी. दहावी झाल्यावर शिक्षण थांबलं, लग्न झालं, मुलगा यंदा पहिलीत गेला. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, सासूबाई बिड्या वळतात आणि ही घरी मशीनवर शाळेचे युनिफॉर्म शिवते, पीसवर. दिवाळीत 70 हजारांची भिशी हातात येणार आहे. मिस्टर म्हणतात गाडी घेऊ, सासूबाई म्हणतात दुसरी मशीन घे आणि जास्त माल उचल, आणि हिला बारावी करून एएनएम, म्हणजे नर्स, व्हायचंय. शेवटी लिहिते, "मी स्टेटसला ठेवलं होतं, आज अवघड निवडलं की उद्या सोपं जातं. मिस्टर वाचून हसले. अक्का, खरंच अवघड तेच बरोबर असतं का, की मी उगं डोक्यात घेतलंय? आणि घरात न सांगता फॉर्म भरला तर चालेल का?"

बाळा, पहिलं काम म्हणजे ते स्टेटस काढ. हसण्यासारखंच आहे ते, मिस्टरांना नावं ठेवू नको. तुझ्या सासूबाईंनी आयुष्यात सोपं काय निवडलंय सांग बरं? पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, मान वर न करता हजार बिडी पुरी करायची आणि संध्याकाळी कारखान्यात नेली की तिथला माणूस छाट काढून मूठभर बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाहीत. यापेक्षा अवघड काय असतं? आणि उद्या सोपं झालं का त्यांचं? आपल्या गावात जुनी मिल 1877 ला निघाली, तेव्हापासून पिढ्यान पिढ्या लोक भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, आणि मिला बंद पडल्या तेव्हा त्यातले कितीतरी रिकाम्या हातानं घरी आले. कष्ट म्हणजे पोस्टातली एफडी नाही की ठेवले आणि आपोआप वाढले.

म्हणून मी अवघड का सोपं हे बघतच नाही. मी दोनच गोष्टी बघते, या कष्टाला शेवटची तारीख आहे का आणि संपल्यावर तुझ्या नावावर काही राहतं का. आता सासूबाईंची दुसरी मशीन बघ. तीही अवघडच की. आत्ता तू रात्री अकराला उठतेस मशीनवरनं, मग एक वाजेल. युनिफॉर्मचं काम कसं असतं तुला मी काय सांगू, शाळा उघडायच्या आधी मार्च ते जून कॉलर आणि खिशांचे गठ्ठे दारात येऊन पडतात, जेवायला फुरसत नाही, आणि पावसाळा लागला की दोन्ही मशीनवर चादर टाकून बसायचं. रेट कारखानदार ठरवणार. याला तारीख नाही, पाठ जाईपर्यंत चालणार. सासूबाई वाईट सांगत नाहीयेत, त्यांना जे माहीत आहे ते सांगायल्यात, घरात बसून हाताला काम आणि हातात रोख. त्यांना एवढंच कळतं की शाळेत गेलेली बाई चार पैसे आणायची थांबते.

आता तुझं बघू. बारावीला कॉलेजात जाऊन बसायची गरज नाही, 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात ऑनलाईन निघतो, आपलं बोर्ड पुणे विभागाचं. शाळा सोडल्याचा ओरिजिनल दाखला लागतो, तो कुठंय ते आजच शोध, कारण लग्नानंतर बायकांचा दाखला माहेरच्या कपाटात नाहीतर पत्र्याच्या पेटीत असतो आणि ऐन वेळी सापडत नाही. आर्ट्स घे. आणि नुसतं 35 वर पास व्हायचं ठरवू नको, एकूणात आणि इंग्रजीत दोन्हीकडं 40 टक्क्यांच्या वर राहा, म्हणजे उद्या जीएनएम, एएनएमच्या वरचा नर्सिंग कोर्स, करावासा वाटला तर तोही रस्ता बंद होत नाही. इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस, तर बाकीचे विषय नंतर, इंग्रजी आजपासून.

यात एक मेख आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तुझा सीझन पण तेव्हाच सुरू होतो. त्याआधी जानेवारीत गड्ड्याची जत्रा, घरात पाहुणे, पोराला पाळण्यात बसायचंय. पाणी काही दिवसांआड येतं, तो दिवस तर गेलाच समज, बॅरल भरता भरता कुणाचा अभ्यास झालाय? म्हणजे खरा अभ्यास तुला आत्ता करायचाय, जुलै ते डिसेंबर, काम मंद असतं तेव्हा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत माल अर्धाच घ्यायचा. कारखानदाराला आधी सांगून ठेव, नाहीतर तो गठ्ठा टाकून जाईल आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस, मला माहितीय तुझ्यासारख्या पोरी. नापास झाले तर तोंड कुठं दाखवू, असं लिहिलंयस. उन्हाळा संपता संपता पुरवणी परीक्षा असते, तिथं दाखव.

आता भिशीचं. बारावीला तुला पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो. खरा खर्च एएनएमचा, कारण तो कोर्स दोन वर्षांचा आणि रोज जायचं असतं, म्हणजे फी एकीकडं आणि तुझी शिलाई बंद ती दुसरीकडं. 70 हजारात दोन्ही बसणार नाही हे मी आत्ताच सांगते, म्हणून भिशीला हात लावू नका आणि पुढची पण चालू ठेवा. गाडीचं म्हणशील तर मिस्टरांची रात्रपाळी सुटते तेव्हा रिक्षा मिळत नाही हे तूच लिहिलंयस, मग गाडी म्हणजे चैन नाही. सेकंड हँड बघा. शोरूमची नवी घेतली की हप्ता चार वर्षं तुमच्या मानेवर आणि तुझा कोर्स त्याच्या खाली.

नर्सिंगच्या नावानं सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स विकणारी दुकानं सगळीकडं आहेत. भिंतीवर टोपीवाल्या नर्सचा फोटो असतो आणि "शंभर टक्के नोकरी" लिहिलेलं असतं. पैसे भरायच्या आधी एकच विचारायचं, कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का? तोंडी हो नको, कौन्सिलच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः बघायचं. रजिस्ट्रेशन नसेल तर सरकारी भरतीला उभं पण करत नाहीत, मग दवाखान्यात सिस्टर म्हणतील पण पगार आयाचा देतील. वयाचं टेन्शन घेऊ नको. एएनएमला 35 पर्यंत प्रवेश आहे, आणि राज्याच्या भरतीला खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43 पर्यंत मुभा असते. प्रवेशाची पद्धत मात्र अधनंमधनं बदलते, तेव्हा पुढच्या वर्षी निकाल लागला की त्या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच पाऊल टाक.

खोटं आशादायक पण नाही सांगणार. खासगी दवाखान्यात सुरुवातीला एएनएमला पगार बेताचाच मिळतो, पहिलं वर्षभर तुला वाटेल की शिलाईच बरी होती. पण आपल्याकडं विजयपूर, कलबुर्गीपासून पेशंट येतात, आणि पूर्व भागातली म्हातारी माणसं दुखणं तेलुगूतच सांगतात. आजीबाई "कडुपु नोप्पी" म्हणाली की पोट दुखतंय हे न विचारता कळणारी सिस्टर लागतेच की. आणि ते रजिस्ट्रेशन तुझ्या नावाचं असतं, कारखानदार बदलला, रेट पडला, तरी ते कुणी काढून घेत नाही.

राहिलं घरात सांगायचं. न सांगता फॉर्म भरू नकोस बाई. ही दोन-तीन वर्षं तू एकटी भोगणार नाहीयेस, पोराला शाळेतनं आणणार सासूबाई, म्हणजे त्यांची बिडी दोनशेनं कमी होणार, रात्री भांडी मिस्टरांच्या वाटणीला येणार. ज्यांच्या जिवावर करायचं त्यांना अंधारात ठेवून कसं चालेल? मिस्टरांशी आधी बोल, पण पगाराच्या दिवशी नको आणि नाईट करून आल्यावर तर अजिबात नको. सासूबाईंना कलेक्टर, स्वप्नं असलं काही सांगू नको, हिशोब सांग. किती महिने माल अर्धा घेणार, भिशी कुठं ठेवणार, कोर्स कधी संपणार, आणि त्यांच्या बिडीचे जे पैसे बुडतील ते तू दर महिन्याला त्यांच्या हातात किती देणार, आकड्यात. हे शेवटचं विसरू नकोस, सुनेच्या शिक्षणासाठी सासूनं फुकट राबावं असं मला तरी वाटत नाही. त्या चिडतील, "या वयात शाळा" म्हणतील, दोन दिवस बोलणार नाहीत. बोलू देत. तिसऱ्या दिवशी दाखला आणायला माहेरी जाशील तेव्हा पोराला त्यांच्याकडंच सोडून जा.