आई एकट्या अमेरिकेला निघाल्या आहेत, हँडबॅगेत लोणचं, तेल आणि औषध चालेल का?

तुमच्या आई मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून शिकागो आणि पुढे मिनिआपोलिस असा प्रवास पहिल्यांदाच एकट्याने करणार आहेत, आणि लोणचं, खोबरेल तेल, खोकल्याचं औषध हँडबॅगेत ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. औषध जरूर ठेवा. लोणच्याची बरणी चेक-इन बॅगेत टाका. तेलाचं बाटलीवर ठरेल.

हँडबॅगेतल्या द्रव किंवा मऊ-पातळ पदार्थाची बाटली किंवा ट्यूब जास्तीत जास्त १०० मिलिची हवी, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या एकाच पिशवीत मावायला हव्यात. बघतात ती बाटलीची क्षमता. २०० मिलिच्या बाटलीत तळाशी चमचाभर तेल उरलेलं असलं तरी ती चालत नाही. तूप, आमरस, मुरांबा, ओली चटणी, टूथपेस्ट, बाम, सगळ्यांना हाच नियम. घरून निघताना गडबडीत डब्यात घातलेलं दही यातच अडकतं.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्या विमानांत सरबताच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला, तेव्हापासून हे बंधन आहे. जुन्या एक्स-रे यंत्रांना पाणी आणि तसलं रसायन खात्रीने वेगळं ओळखता येत नव्हतं. आता बॅगेच्या आतलं त्रिमितीय चित्र दाखवणारे सीटी स्कॅनर आलेत, आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गसारख्या काही विमानतळांवर जुलै २०२५ पासून २ लिटरपर्यंतची बाटली चालते. ही बातमी वाचून कुणी आईंना मोठी बाटली नेण्याचा सल्ला देईल, तो ऐकू नका. त्यांची तपासणी मुंबईत होणार, फ्रँकफर्टला विमान बदलताना पुन्हा होणार आणि शिकागोला पुढच्या विमानासाठी परत होणार. जिथला नियम सगळ्यांत कडक, तो धरून बॅग भरा.

मला जास्त काळजी मसाल्यांची वाटते, कारण त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. बाहेरच्या देशातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिपेक्षा जास्त पावडर हँडबॅगेत असेल तर ती २०१८ पासून वेगळी तपासतात, आणि खात्री पटली नाही तर विमानात नेऊ देत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, भाजणीचं पीठ, सगळं चेक-इन बॅगेतच जाऊ द्या. तपासनीसाला मेतकूट म्हणजे काय हे इंग्रजीतून समजावण्याची वेळ आईंवर कशाला आणायची?

प्रवासात लागणारं औषध १०० मिलिपेक्षा जास्त असलं तरी चालतं, इन्सुलिनही. मूळ बाटलीतच ठेवा, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत द्या, आणि ट्रेमध्ये ते वेगळं काढून आधीच दाखवायला आईंना सांगा.

विमानतळावरच्या ड्युटी-फ्री (करमुक्त) दुकानातून एखादी द्रवाची बाटली घेतलीच, तर दुकानाने दिलेली सीलबंद पिशवी वाटेत उघडायची नाही, पावती आतच राहू द्यायची. शिकागोला मोठ्या बॅगा ताब्यात घेऊन कस्टम्सनंतर पुन्हा द्याव्या लागतात. त्या देण्याआधी ती बाटली त्यातल्या एका बॅगेत घालायची, हे कागदावर मराठीत लिहून द्या. पाण्याची बाटली मात्र न्यायला हरकत नाही. तपासणीआधी रिकामी करायची, नंतर भरून घ्यायची. फ्रँकफर्टला आणि शिकागोलाही तसंच.