आधी उत्तर वहीत लिहू दे

सप्रेम आशीर्वाद.

आमच्या खानदेशातल्या बी.एस्सी.च्या मुलांना तू पुण्यात बसून ऑनलाइन पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणार, हे वाचून फार बरं वाटलं. लांबचं नातं इथे जुनंच आहे. १९९० साली जळगावला विद्यापीठ झालं, तोवर आमची कॉलेजं पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. तुला मात्र मुलांचे चेहरे दिसणार नाहीत. नेट पुरावं म्हणून तळोदा, साक्री, रावेरची पोरं कॅमेरा बंदच ठेवतात.

म्हणून ‘समजलं का?’ असं विचारूच नकोस. ‘हो सर’ असंच उत्तर येतं. मी वर्षभर त्या ‘हो सर’वर विसंबून राहिलो आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत निम्म्या मुलांना साधा लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहिता आला नाही. ते मला अजून खुपतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. प्रोग्रॅम चालवण्याआधी प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं. भुसावळला मे महिन्यात ४५ अंश, मग फॅरनहाइटमध्ये किती? नऊने गुणा, पाचने भागा, ३२ मिळवा. सगळ्यांनी ११३ लिहिलं. मग इनपुट या आज्ञेने कीबोर्डवरून तापमान घेऊन प्रोग्रॅम चालवला, तर लाल अक्षरांत टाइप-एरर, म्हणजे माहितीचा प्रकार चुकल्याची तक्रार. मी काहीच सांगितलं नाही. ‘भागाकार काढून टाका, नुसता गुणाकार प्रिंट करा,’ एवढंच म्हटलं. पडद्यावर आलं ४५४५४५४५४५४५४५४५४५. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग शहाद्याच्या एका मुलीने माइक सुरू केला: ‘सर, हा गुणाकार नाहीये. ४५ नऊ वेळा चिकटवलंय.’ इनपुटमधून आकडा नव्हे, मजकूर हाती येतो, हे तिने स्वतः शोधलं. तिच्याच तोंडून सगळ्यांना ऐकू दिलं, मग मजकुराचा आकडा करणारं फ्लोट लावायला शिकवलं. वहीत ११३ नसतं, तर पुढे काय चुकलं हे कोणाला कळलं असतं?

विज्ञानाच्या मुलांचं हेच बळ आहे, उत्तर साधारण किती यायला हवं हे त्यांना ठाऊक असतं. लंबकाच्या रीडिंगवरून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढताना ९.८ ऐवजी ९८० आलं, की लांबी सेंटिमीटरमध्येच राहिली हे ती लगेच ओळखतात. त्यांच्या जर्नलमधली रीडिंग्जच घे. कुठली तरी दुकानाची बिलं घेऊन शिकवू नकोस.

निम्म्यांकडे लॅपटॉप नसेल. कोलॅब, म्हणजे पायथन चालवायची गूगलची ऑनलाइन वही, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं, पण मोबाइलचा कीबोर्ड छळतो. प्रिंटचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, प्रोग्रॅम अडतो, आणि ‘माझंच डोकं चालत नाही’ असं मुलाला वाटतं. पहिल्या तासालाच ऑटो-कॅपिटल आणि स्मार्ट पंक्चुएशन बंद करायला लाव. लाइट गेली, नेट तुटलं, की बऱ्याच वेळाने परत आल्यावर कालचा चालू प्रोग्रॅम नेम-एरर, म्हणजे ‘हे नाव माहीत नाही’ अशी तक्रार, देतो, कारण सत्र संपून साठवलेलं सगळं पुसलेलं असतं. ‘वरपासून एकेक सेल, म्हणजे कोडचा चौकोन, पुन्हा चालव’ हे ग्रुपवर पिन करून ठेव. आणि पडद्याचे फोटो मागू नकोस. कोड मजकूर म्हणून मागव, एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचायला सांग.

ती ओळ अहिराणीत समजावली तरी चालेल. ‘माले समजनं नही’ म्हणायला ज्याला संकोच वाटत नाही, तोच पुढचा प्रश्न विचारतो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव ‘तापमान’ असं देवनागरीतही देता येतं. एकदा दाखव, पोरं खुलतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत तास रात्री साडेआठनंतर ठेव, दिवसा ती शेतात असतात. पहिला तास झाला की फोन कर, वहीत कोणी काय लिहिलं ते मला ऐकायचंय.

तुझा,
सर